मदत हवी आहे: दादा दारू सोडण्यासाठी मीटिंगला जायला तयार झालाय, आधी काय करावं?

माझा मोठा भाऊ बरीच वर्षं पितो. आधी फक्त सुट्टीच्या आदल्या रात्री, मग रोज, आणि आता सकाळी उठल्याउठल्या. सकाळी हात इतके थरथरतात की शर्टाचं वरचं बटण वहिनी लावून देते. दारूचा घोट पोटात गेला की थरथर थांबते.

परवा तो स्वतःहून म्हणाला, "ते लोक जमतात ना, तिथे एकदा जाऊन बघतो." कोणीही विषय काढला नव्हता. त्याचं मन फिरायच्या आत त्याला तिथे पोचवायचंय, म्हणून घाईने लिहितेय.

अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे एए, १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात सुरू झालं, फी नसते, आणि पिणं थांबवायची इच्छा एवढीच अट असते, इतपत वाचलंय. पण पहिल्याच दिवशी बोलावं लागतं का? दादा चारचौघांत तोंड उघडत नाही. मी किंवा वहिनी सोबत बसलो तर चालतं का? त्याचा देवावर विश्वास नाही आणि एएच्या कार्यक्रमाच्या बारा पायऱ्यांमध्ये देवाचा उल्लेख आहे, तेवढ्यावरून तो उठून येईल का? शिवाय तो म्हणतोय की सोमवारपासून घरीच पूर्ण बंद करतो आणि मगच मीटिंगला जातो. हे योग्य आहे ना?

अनुभव असलेल्यांनी कृपया लिहा. "वहिनीने आधीच कडक राहायला हवं होतं" हे तिला खूप जणांनी ऐकवून झालंय, ते इथे नको.

प्रतिसाद

ताई, शेवटचा प्रश्न आधी घेतो. घरच्या घरी एकदम बंद करू देऊ नका. सकाळची थरथर घोटाने थांबते, म्हणजे शरीराला दारूची सवय जडली आहे. अशा माणसाची दारू अचानक तुटली तर साधारण ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते. दोन-तीन दिवसांनी भ्रम, नसलेलं दिसणं, ताप, दरदरून घाम असंही होऊ शकतं. डॉक्टर त्याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि ते जिवावर बेततं. असं काही दिसलं तर थेट हॉस्पिटल गाठा. त्याआधीच डॉक्टरांना भेटलात तर ते त्रास आटोक्यात ठेवणारी औषधं आणि थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व देतात, गरज वाटली तर दाखल करून घेतात. तिथे रोजचं प्रमाण खरं सांगा, घरातले हमखास कमी करून सांगतात. पूर्वी कधी फिट आली असेल तर तेही सांगा.

मीटिंगला यायला आधी दारू सुटलेली असावी लागत नाही. सोडायची इच्छा घेऊन आला तरी पुरे.

मी स्वतः एएच्या प्रोग्राममध्ये आहे. पहिल्या वेळी पटकन निघता यावं म्हणून दाराजवळची खुर्ची धरली होती. माझी पाळी आली तेव्हा "आज फक्त ऐकतो" म्हणालो आणि पुढचा माणूस बोलू लागला, एवढंच. आडनाव, नोकरी कोणी विचारलं नाही. एकाचं बोलणं चालू असताना दुसरा मध्ये तोंड घालत नाही.

खुली मीटिंग असेल तर तुम्ही दोघी बसू शकता. बंद मीटिंग फक्त ज्यांना पिणं सोडायचंय त्यांच्यासाठी असते. एएच्या संकेतस्थळावर ठिकाण आणि वेळ मिळते, पण आधी फोन करून खात्री करा, वेळा बदलतात. शक्यतो तो फोन दादालाच करू द्या. पलीकडे बहुतेक वेळा त्यातूनच गेलेला माणूस असतो.

देवाचं म्हणाल तर ज्याला जसा उमगेल तसा, असं तिथे मानतात. समूहालाच आपल्यापेक्षा मोठी शक्ती समजणारे नास्तिक आमच्यात आहेत. तरी नाहीच पटलं तर देवाचा विषयच नसलेले, स्मार्ट रिकव्हरीसारखे गटही आहेत. आणि एका मीटिंगवरून ठरवू नका, प्रत्येक समूहाचा सूर वेगळा असतो.

प्रतिसाद

वहिनींसाठी लिहिते. अल-अनॉन हा घरच्यांचा वेगळा समूह आहे, १९५१ पासून चालतो. दादा जाईल तेव्हा जाईल, वहिनींनी त्याच्यासाठी थांबू नये. नवऱ्याची बाटली शोधत फिरणं, पावलांच्या आवाजावरून आज किती झालीय ते ओळखणं, हे मी वर्षानुवर्षं केलं. हे त्याच्या पिण्यामुळे होतं आणि ते पिणं मी लावलेलंही नाही, माझ्या थांबवण्याने थांबणारंही नाही, हे मला तिथे कळलं. दादाची मुलं किशोरवयीन असतील तर त्यांच्यासाठी अलाटीन आहे.

मूळ लेखिका

दोघांचेही मनापासून आभार. फिटचं आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. सोमवारचा बेत रद्द, उद्या सकाळीच डॉक्टरांकडे नेतोय, दादा हो म्हणालाय. वहिनीने अल-अनॉनचा नंबर माझ्याकडून मागून घेतला.

अजून एक विचारते. मीटिंग संध्याकाळी असते आणि नेमकी तीच त्याची पिण्याची वेळ. कामावरून घरी न येता परस्पर जावं का, की सुरुवात ऑनलाइन मीटिंगने करावी? तुमच्यापैकी कोणी पहिले काही आठवडे कसे काढले?