जैवरसायनशास्त्रातील संशोधकाचे मोजमाप: एच-निर्देशांकाची रेघ मारावी का?

पिपेटधारी

सहयोगी प्राध्यापकाच्या एका जागेसाठी आलेल्या अर्जांच्या छाननीला मी नुकताच बाहेरचा तज्ज्ञ म्हणून गेलो होतो. विषय जैवरसायनशास्त्र. संस्थेचे नाव सांगत नाही, कारण हा प्रकार तिथेच चालतो असे मुळीच नाही. आम्ही पोहोचलो तेव्हा कार्यालयाने ४१ अर्जांची यादी एच-निर्देशांकाच्या उतरत्या क्रमाने लावून ठेवली होती आणि १२ या आकड्याखाली लाल रेघ मारली होती. रेघेखालच्या २३ जणांच्या फाइली खोलीत आणलेल्याच नव्हत्या. बाराच का, असे मी विचारले. कोणालाही उत्तर देता आले नाही.

एच-निर्देशांक १२ असणे म्हणजे त्या व्यक्तीच्या बारा शोधनिबंधांचा, प्रत्येकी किमान बारा वेळा, संदर्भ दिला गेलेला असणे. ऐकायला हे सरळ वाटते, पण आमच्या विषयात संदर्भांची संख्या नेमके काय मोजते हाच प्रश्न आहे. ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकाने २०१४ साली तोवर सर्वाधिक संदर्भ मिळालेल्या शंभर निबंधांची यादी छापली होती. तिच्यात पहिला होता ऑलिव्हर लाउरी आणि सहकाऱ्यांचा १९५१ चा, प्रथिनांचे प्रमाण मोजण्याच्या रीतीवरचा निबंध. त्याला तीन लाखांहून अधिक संदर्भ होते. दुसरा लेम्ली यांचा १९७० चा, जेलमधून प्रथिने वेगळी करण्याच्या पद्धतीवरचा, आणि तिसरा ब्रॅडफर्ड यांचा १९७६ चा, पुन्हा प्रथिनांचे प्रमाण मोजण्याचाच. म्हणजे पहिले तिन्ही निबंध आमच्या प्रयोगशाळेच्या बाकावरच्या रोजच्या कृतींचे आहेत. डीएनएच्या दुहेरी सर्पिलाचा १९५३ चा निबंध त्या शंभरांत नाही. आपला तो निबंध काही फार थोर नाही, हे स्वतः लाउरी यांनीच मोकळेपणाने लिहून ठेवले आहे.

याची उलट बाजू अधिक त्रासदायक आहे. गो. ना. रामचंद्रन आणि सहकाऱ्यांनी १९६३ साली मद्रासमध्ये बसून प्रथिनाच्या साखळीतील कोन कोणत्या मर्यादेत फिरू शकतात याचा जो आलेख मांडला, त्यावर पारखल्याशिवाय आज प्रथिनाची रचना कोणी प्रसिद्ध करत नाही. मात्र निबंध लिहिताना अनेकदा संदर्भ दिला जातो तो आलेख काढून देणाऱ्या संगणक-प्रणालीचा. कल्पना इतकी अंगवळणी पडते की तिच्या धन्याचे नाव घेण्याची गरज उरत नाही. पेशी अन्नातून ऊर्जा मिळवते त्या क्रेब्स चक्राचा आपण रोज उल्लेख करतो, पण त्यासाठी १९३७ चा निबंध संदर्भसूचीत कोण घालतो? (तो ‘नेचर’ने परत पाठवला होता, हे जाता जाता.)

म्हणून माझे म्हणणे असे आहे की छाननीच्या पहिल्या पायरीवर कोणताही निर्देशांक नसावा आणि अर्जदाराचे निबंध वाचूनच निर्णय व्हावा.


तालुक्याचा मास्तर

पिपेटधारी यांचा लेख वाचताना मी मान डोलावत होतो, ती शेवटच्या वाक्यापर्यंत. निबंध वाचून निर्णय करावा हे तत्त्व उत्तमच आहे. फक्त वाचणारे कोण असतात, एवढे त्यांनी सांगितले नाही.

मी तालुक्याच्या गावी पदवी महाविद्यालयात शिकवतो. पीएच.डी. करताना माझ्या मार्गदर्शकांना पुण्या-मुंबईत कोणी ओळखत नव्हते. पहिल्या दोन मुलाखतींत मला विचारलेला पहिला प्रश्न एकच होता: कोणाकडे काम केलेत? नाव सांगितल्यावर समोरच्या चेहऱ्यांवर जे उमटले ते मला अजून आठवते. माझे विकरांच्या (एन्झाइमांच्या) शुद्धीकरणावरचे निबंध टेबलावर होते, पण ते उघडून पाहण्याचे कष्ट कोणी घेतले नाहीत. तिसऱ्या ठिकाणी गुणपत्रक होते, निबंधांना आणि संदर्भांना ठरावीक गुण होते, आणि अध्यक्षांच्या मर्जीतल्या उमेदवारापेक्षा माझी बेरीज अधिक होती. ती बेरीज त्यांना पुसता आली नाही म्हणून मी आज नोकरीत आहे.

तुमच्याच यादीत चौथा निबंध फ्रेडरिक सँगर यांचा, डीएनएचा अनुक्रम वाचण्याच्या पद्धतीवरचा, १९७७ चा आहे. त्या कामासाठी त्यांना १९८० साली दुसरे नोबेल मिळाले. तेव्हा संदर्भ म्हणजे केवळ बाकावरची कृती, असे एका झटक्यात म्हणता येणार नाही. मोठे काम पुष्कळदा संदर्भांतही दिसतेच.


मोजदाद

मी ग्रंथालयशास्त्रातला माणूस आहे. संशोधन मोजण्याच्या पद्धती हेच माझे काम. आधी बाराच्या कोड्याविषयी. एच-निर्देशांक सुचवला जॉर्ज हिर्श या पदार्थवैज्ञानिकाने, २००५ साली. त्याच लेखात त्याने म्हटले होते की अमेरिकेतील मोठ्या विद्यापीठांत पदार्थविज्ञानाच्या सहयोगी प्राध्यापकाला कायम करताना १२ च्या आसपासचा आणि प्राध्यापकपदासाठी १८ च्या आसपासचा निर्देशांक अपेक्षिता येईल. तुमच्या कार्यालयाची रेघ तिथूनच पाझरत आली असेल असा माझा तर्क आहे. गंमत अशी की जीवविज्ञानात हे आकडे बरेच मोठे असतात, हेही त्याने त्याच लेखात दाखवले होते: त्या वेळी पदार्थविज्ञानातला त्याला आढळलेला सर्वोच्च निर्देशांक ११० होता आणि जीवविज्ञानातला १९१. एका विषयाचा गज दुसऱ्या विषयाच्या कापडाला लावू नये, हे जनकानेच सांगून ठेवले होते. आपण गज तेवढा घेतला.

दुसरी अडचण गणिताचीच आहे. ज्याने तीनच निबंध लिहिले आणि प्रत्येकाला पाच हजार संदर्भ मिळाले, त्याचा निर्देशांक ३. ज्याच्या वीस निबंधांना प्रत्येकी वीस संदर्भ आहेत, त्याचा २०. शिवाय जैवरसायनशास्त्रात पहिले नाव प्रत्यक्ष काम करणाऱ्याचे आणि शेवटचे प्रयोगशाळेच्या प्रमुखाचे, अशी रूढी आहे. पण तीस लेखकांच्या निबंधातल्या सतराव्या लेखकालाही एच-निर्देशांक तेवढेच श्रेय देतो. आणि हा निर्देशांक वयाबरोबर फक्त वाढतो. संशोधन सोडून दहा वर्षे झालेल्या माणसाचाही तो खाली येत नाही.

नियतकालिकाच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून, म्हणजे त्यातल्या अलीकडच्या निबंधांना मिळालेल्या सरासरी संदर्भांवरून, माणसाला जोखणे तर याहून वाईट. ‘अ‍ॅक्टा क्रिस्टलोग्राफिका ए’ या नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर एका वर्षात सुमारे २ वरून जवळजवळ ५० वर गेला होता, तो २००८ सालच्या एकाच निबंधामुळे; जॉर्ज शेल्ड्रिक यांच्या स्फटिकरचना उलगडणाऱ्या संगणक-प्रणालीवरचा तो निबंध होता. त्या अंकांत ज्यांचे साधे, कोणी न वाचलेले निबंध छापून आले, तेही कागदोपत्री तालेवार झाले. माणसाची पारख इम्पॅक्ट फॅक्टरवरून करू नये, असे पेशीवैज्ञानिकांच्या सॅन फ्रान्सिस्कोच्या बैठकीतून निघालेल्या जाहीरनाम्याने २०१३ सालीच सांगितले आहे.

तरीही मी पिपेटधारी यांच्या बाजूने नाही. आकडा वाईट नसतो, तुलनेशिवायचा नुसता आकडा वाईट असतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २०१६ साली काढलेले सापेक्ष गुणोत्तर प्रत्येक निबंधाची तुलना त्याच्याच क्षेत्रातल्या आणि त्याच वर्षाच्या निबंधांशी करते. त्यांच्या अनुदानातल्या मध्यम निबंधाला १ धरले जाते. त्यामुळे वनस्पतींच्या विकरांवर काम करणारी व्यक्ती कर्करोगावर काम करणाऱ्याशेजारी विनाकारण खुजी दिसत नाही. असे आकडे फुकट उपलब्ध असताना आपण गूगल स्कॉलरच्या पानावरचा पहिला आकडा उचलतो. त्यात प्रबंधांतले आणि अप्रकाशित मसुद्यांतले उल्लेखही धरलेले असतात, म्हणून तो स्कोपस या निवडक नियतकालिकांच्या माहितीसंग्रहातल्या आकड्यापेक्षा बहुधा मोठाच निघतो. कोणता स्रोत वापरला, हे तुमच्या त्या यादीवर लिहिले तरी होते का?


पिपेटधारी

लिहिलेले नव्हते. काहींनी गूगलचा आकडा दिला होता, काहींनी स्कोपसचा, आणि कार्यालयाने दोन्ही एकाच स्तंभात उतरवून घेतले होते.


निळी शाई

सप्टेंबर-ऑक्टोबर उजाडला की महाविद्यालयांच्या फाटकांवर ‘जगातील अव्वल दोन टक्के शास्त्रज्ञांत आमचे प्राध्यापक’ असे फलक लागतात, त्याविषयी कोणीच बोलले नाही याचे आश्चर्य वाटले. ती यादी स्टॅनफर्डचे जॉन योआनिडिस आणि सहकारी स्कोपसच्या माहितीवरून करतात. तिच्यात स्वतःच स्वतःला दिलेले संदर्भ वगळूनही क्रम पाहता येतो, आणि एकटा, पहिला किंवा शेवटचा लेखक असण्याला वेगळे वजन आहे. म्हणजे मोजदाद यांच्या आक्षेपांपैकी काहींची दखल तिने घेतलेली आहे. फलकावर मात्र यातले काही येत नाही. वर्षभराच्या कामाची यादी कोणती आणि आयुष्यभराच्या कामाची कोणती, हेही सांगितले जात नाही.

मला मुळात वेगळीच गोष्ट मांडायची आहे. कमला सोहोनी यांचे माप तुम्ही कसे घ्याल? केंब्रिजमधून १९३९ साली पीएच.डी., वनस्पतींमधील सायटोक्रोम सी या पेशींच्या श्वसनातल्या प्रथिनावरचे काम, विज्ञानात ही पदवी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय महिला. पुढे मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये त्यांनी नीरा, डाळी आणि तांदळाचे पीठ यांच्या पोषणमूल्यांवर काम केले. नीरेच्या कामाचा उपयोग आदिवासी मुलांच्या आहारासाठी होणार होता. ज्या मुलाच्या हिमोग्लोबिनात फरक पडतो, ते मूल संदर्भसूची लिहीत नाही. हा परिणाम कोणत्या स्तंभात बसवायचा?


तालुक्याचा मास्तर

कमलाबाईंचे उदाहरण निघाले हे बरे झाले, कारण ते माझ्या बाजूचे आहे.

मुंबई विद्यापीठाची पदवी उत्तम गुणांनी मिळवून त्या १९३३ साली बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या, तेव्हा त्यांना प्रवेश नाकारला तो कोणत्या निर्देशांकाने नव्हे, तर संचालक चंद्रशेखर वेंकट रामन यांनी, आणि तोही त्या स्त्री आहेत एवढ्याच कारणावरून. त्यांनी हट्ट सोडला नाही म्हणून अपमानास्पद अटी घालून प्रवेश मिळाला. रामन यांच्यापेक्षा मोठा तज्ज्ञ कोणत्या निवड समितीला मिळणार आहे? ‘तज्ज्ञांनी वाचून ठरवावे’ असे आपण म्हणतो तेव्हा तज्ज्ञाबरोबर त्याचे पूर्वग्रहही खोलीत येऊन बसतात. त्या मुलीच्या हातात त्या वेळी होते काय, तर गुणांचा आकडाच. त्याच्याच बळावर ती भांडू शकली.

आकडा आंधळा आहे हे मला मान्य आहे, पण डोळस माणसे काय करतात तेही मी पाहिले आहे.


मोजदाद

मास्तरांचा मुद्दा बिनतोड असला तरी त्यात एक फट आहे. गुणपत्रिकेतला आकडा परीक्षा देणाऱ्याला सहजी वाढवता येत नाही, संदर्भांचा येतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० साली निबंधांना गुण लावून पदोन्नती त्यांच्याशी जोडली, त्यानंतर पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचे जे पीक आले ते आपण सर्वांनी पाहिले आहे. इटलीत नेमणुकांसाठी संदर्भांचे उंबरठे ठरवले गेले, तर तिथल्या संशोधकांचे आपापसांत संदर्भ देणे वाढल्याचे २०१९ च्या एका अभ्यासात दिसून आले. लबाडी संदर्भांतच होते असे नाही, प्रयोगशाळेतल्या चित्रांतही होते: एलिझाबेथ बिक यांनी २०१६ साली वीस हजारांहून अधिक जीववैद्यकीय निबंध डोळ्यांनी तपासले, तेव्हा सुमारे ३.८ टक्के निबंधांत प्रथिनांच्या पट्ट्यांची वगैरे संशयास्पद चित्रे सापडली. निर्देशांकाने त्यांतल्या एकाचाही संशय घेतला नसता. ते सापडले ते कोणीतरी निबंध उघडून पाहिले म्हणून.


पिपेटधारी

रामन यांचे उदाहरण मला झोंबले, हे कबूल करतो. ‘निर्देशांक नसावाच’ हे माझे वाक्य मी मागे घेतो, रेघ मात्र नसावी यावर ठाम आहे. प्रत्येक अर्जदाराने स्वतःचे तीन निबंध निवडावेत, त्यांत आपण नेमके काय केले ते दहा ओळींत लिहावे, समितीने ते मार्गदर्शकाचे आणि संस्थेचे नाव झाकून वाचावेत, लेखी शेरा द्यावा, आणि त्यानंतरच क्षेत्रानुसार दुरुस्त केलेला आकडा समोर यावा. शेरा आणि आकडा यांत मोठी तफावत असेल, तर समितीने तिचे कारण नोंदवावे. मास्तरांच्या अनुभवात आकड्याने केले तसा तो इथे मर्जीवर पहारा ठेवील, पण कोणाला दारातच अडवणार नाही.


तालुक्याचा मास्तर

४१ गुणिले ३ म्हणजे १२३ निबंध. समितीला चहापाण्यासकट किती तास मिळतात? आणि प्रथिनांच्या रचनेवरचा निबंध वाचायला विकरांचा तज्ज्ञ बसवला, तर तो वाचेल की चाळेल? लेखी शेऱ्याची अट मात्र मला पटली. लिहून द्यावे लागले की माणूस जरा विचार करतो.


पिपेटधारी

आम्हाला एक दिवस मिळाला होता. मी रेघेखालच्या फाइली मागवल्या, तेव्हा दुपारचे तीन वाजले होते आणि कार्यालयातला कारकून माझ्याकडे असा पाहत होता की जणू मी त्याच्याकडे घराची किल्ली मागितली. उरलेल्या वेळात २३ पैकी नऊ फाइली वाचून झाल्या. त्यांत निर्देशांक ६ असलेल्या एका अर्जदाराने एक अस्थिर विकर चार वर्षे खपून शुद्ध केले होते आणि त्याची गतिकी इतकी नेटकी मांडली होती की मी ते दोन आलेख दोनदा पाहिले. समितीने त्या व्यक्तीला मुलाखतीला बोलावण्याचे मान्य केले. निवड झाली ती दुसऱ्याची. त्याचा निर्देशांक २१ होता, आणि त्याचे निबंधही मी वाचले होते. ते चांगले होते. न उघडलेल्या चौदा फाइलींत काय होते, ते मला सांगता येणार नाही.