भंडारदरा ऑगस्टमध्ये: सोबत आई (६८) आणि लेक (११), काय काय जमेल?

चौथी_सीट

मंडळी, ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात दोन दिवस भंडारदऱ्याला जायचं घाटतंय. डोंबिवलीहून, स्वतःच्या गाडीने. सोबत बायको, लेक आणि आई. आईच्या डाव्या गुडघ्याची कुरकुर असते, पण घरी थांबायला ती तयार नाही. कळसूबाई महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर असल्याचं लेक शाळेतून ऐकून आलीय, त्यामुळे तिला तेच हवंय. मला सांदण दरी बघायची आहे. धबधब्याखाली भिजायला मिळालं तर सोन्याहून पिवळं. कळसूबाई, सांदण, रतनगड, रंधा धबधबा एवढं दोन दिवसांत बसेल का? माझा शेवटचा ट्रेक कॉलेजातला, राजमाची, तोही किल्ल्याखालच्या उधेवाडीपर्यंतच. हसू नका.

ओलाचिंब

सांदण विसरा. पावसाळ्यात त्या घळीतून पाणी वाहतं. बाकीचं सांगायला कुणीतरी येईलच.

कारवी_सात

आले. संगमनेरची आहे, वीसेक वर्षं त्या भागात भटकतेय, तेव्हा जरा लांबण लागेल.

आधी कळसूबाई. १६४६ मीटर. बारी गावातून चढ सुरू होतो आणि सुरुवातीपासूनच दमवतो. वर लोखंडी शिड्या आहेत. शनिवार-रविवारी त्या शिड्यांवर रांग लागते, रेशनच्या दुकानासारखी, फक्त पाऊस आणि वारा खात. एवढं करून माथ्यावर पोचलात तरी ऑगस्टात ढगात उभे राहाल, पाच फुटांवरचं देऊळ दिसलं तर नशीब. लेकीला डिसेंबरात न्या. तेव्हा वरून अलंग, मदन, कुलंग हे किल्ले ओळीने दाखवता येतील.

रतनगडाला मात्र ठामपणे नाही म्हणते, आणि त्याचं कारण सांगते.

२०११ चा जुलै. आम्ही पाच जण आणि रतनवाडीतला एक वाटाड्या पोरगा. ही वाट प्रवरेचा ओढा चार-पाच वेळा ओलांडते. सकाळी घोट्याएवढं पाणी, नितळ, तळाचे खडे दिसत होते. गडावर पोचलो, नेढ्यात, म्हणजे माथ्यावरच्या कातळातल्या आरपार भोकात, वाऱ्याने उभं राहू दिलं नाही, उतरलो. चारच्या सुमारास शेवटच्या ओढ्याशी आलो. आम्ही होतो तिथे तेव्हा पाऊसही नव्हता. मी पाय टाकणार तेवढ्यात पोरगा म्हणाला, "ताई, थांबा. पाण्यात पाचोळा आला." पाणी वाढलेलं नव्हतं, फक्त चहासारखं झालं होतं आणि त्यात काटक्या-पानं फिरत होती. त्याने काठावर, पाण्याच्या अगदी कडेला, नारळाएवढा एक दगड ठेवला आणि बिडी पेटवली. बिडी संपेपर्यंत दगड दिसेनासा झाला. पुढचे साडेतीन तास आम्ही झाडाखाली बसून होतो. खायला एक ग्लुकोज बिस्किटचा पुडा, तोही भिजून लापशी झालेला. रात्री पाणी ओसरून तो दगड पुन्हा वर आला, तेव्हा हात धरून ओलांडलं.

पाऊस गडावर पडतो आणि पाणी खाली तुमच्यापर्यंत येतं. तुम्ही भिजायला ज्या धबधब्याखाली उभे राहाल त्याचंही तेच. वरून पाण्यासोबत दगड येतात, ते वेगळंच.

मग करायचं काय? धरणाला वळसा घालणारा रस्ता. शेंडी, मुरशेत, पांजरे, घाटघर, साम्रद, रतनवाडी, कोलटेंभे आणि परत शेंडी. चाळीसेक किलोमीटर असतील, पण त्याला अख्खा दिवस द्या. डोंगरावरून इतके धबधबे उतरतात की ज्याला-त्याला नाव नाही, आणि आईंना गाडीच्या काचेतून सगळे दिसतील. घाटघरच्या कड्यावर रेलिंगच्या अलीकडेच थांबा. वारा जोराचा असला की खाली कोकणात पडायला निघालेलं पाणी उलटं आपल्याच तोंडावर येतं. तिथे छत्री काढू नका, माझ्या दोन गेल्या.

रतनवाडीत अमृतेश्वराचं देऊळ न चुकता. पावसाळ्यात गाभाऱ्यात पाणी भरतं, पिंड पाण्याखाली जाते. खांबांवरचं कोरीवकाम बघायला टॉर्च न्या. शेजारची पुष्करणीही बघा. जेवणाचं गावात शिरतानाच सांगून ठेवा, म्हणजे फिरून येईपर्यंत भाकरी, पिठलं, ठेचा तयार असतो. रोख पैसे ठेवा, रेंजचा भरवसा नाही.

रंधा रस्त्यालगतच आहे, कठड्यामागून बघा. तिथे खाली उतरायचा विचारसुद्धा नको. धरणाजवळचा अंब्रेला फॉल मात्र धरणातून पाणी सोडलं तरच दिसतो, लेकीला आधीच सांगून ठेवा.

आणि १५ ऑगस्टला लागून जाऊ नका. मंगळवार-बुधवार बघा.

राजूरचा_नाना

ताईंनी सगळं सांगितलंच. एक भर. आवणीचे दिवस असतात, गाडी लावताना भातखाचराचा बांध तुडवू नका, फोटोसाठी रोपात तर अजिबात उतरू नका. गेल्या साली आमच्या भावकीतल्या एकाचं अर्धं वावर रीलवाल्यांनी चिखलात घातलं. बोललो तर म्हणे, "काका, गवतच तर आहे."

आणि हे अभयारण्य आहे. नाक्यावर पावती घ्या, जुनी झाडं दिसली तर मान वर करून चाला, शेकरू दिसेल.

ओलाचिंब

नाना, "गवतच तर आहे" 😂 त्याला वर्षभर भात देऊ नका.

चौथी_सीट

जाऊन आलो, मंगळवार-बुधवार. कारवीताई, शंभर टक्के तुमचं ऐकलं. घाटघरला छत्री काढली नाही, बायकोने काढली. आता तीन उरल्यात.

लेकीने गाडीतून धबधबे मोजायला घेतले, ६१ पर्यंत गेली आणि झोपली. अंब्रेला बंद होता. भिजायचं म्हणाल तर रतनवाडीत गाडीतून उतरून देवळापर्यंत जाण्यातच भिजलो. आईने गुडघा विसरून साडी वर खोचली आणि गाभाऱ्यात पाण्यात हात घालून पिंड चाचपली. बाहेर येऊन म्हणाली, "बर्फ आहे नुसता." मग जेवायला बसलो त्या घरातल्या आजींशी तिची अशी गट्टी जमली, की निघायला चार वाजले.

परतताना कोलटेंभ्याच्या पुढे एका मोरीवरून पाणी वाहत होतं. समोरच्या गाडीने घातली. मी काठावर दगड ठेवून बसलो. लोक बघत होते, बघू देत. वीस मिनिटांनी दगडाखालची माती उघडी दिसायला लागली, मग निघालो.

आता डिसेंबरचं. कळसूबाईला सूर्योदय गाठायचा तर बारीतून किती वाजता सुटावं? लेक चढेल. आई खाली बारीत थांबते म्हणतेय, पण तिने बूट घेतलेत.