पाट्या भरल्या म्हणजे पापलेट सुखरूप?

दालदीवाला_सातपाटी: काल इथं एका भाऊंनी लिहिलं, "बंदरावर पाट्या भरून पापलेट दिसतंय, मग दुष्काळाची बोंब कशाला?" रात्रभर डोकं फिरलं म्हणून सविस्तर लिहितोय. भाऊ, पाट्या मोजून समुद्र कळत नाही. आमची दालदीची (मासा अडकवणाऱ्या जाळ्याची) बोट पूर्वी दोन दिवसांत भरायची. आता त्याच मालासाठी आठ दिवस, दुप्पट जाळी, डिझेलचं तर विचारूच नका. माल तेवढाच, पण दर फेरीला हाताला काय लागतं ते बघा! सीएमएफआरआयची (केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेची) माणसं म्हणूनच नुसता माल मोजत नाहीत. जाळं किती तास पाण्यात होतं ते विचारतात, पट्टीने लांबी घेतात, पोट फाडून गाबोळी (अंडी) बघतात. 2023 मध्ये पापलेटाला राज्यमासा केला, सत्कार झाला. इकडे कवीवाले, म्हणजे समुद्रात खांब ठोकून डोल जाळं लावणारे, बारीक आसाच्या (छिद्रांच्या) खोल्यात, म्हणजे जाळ्याच्या टोकाच्या पिशवीत, भिलं (पापलेटाची पिल्लं) गाळून आणतायत.

बंदरावरचा: तो भाऊ मीच. तुमचा पट्टीवाला आमच्या बंदरात महिन्यातून एखाद-दोन वेळा दिसतो, बाकी सगळा अंदाजाचा हिशोब. आणि तांडेल (बोटीचा प्रमुख) त्याला खरं सांगेल? मासा कुठे लागला हे तो सख्ख्या भावाला सांगत नाही! आपल्या समोरचा मासा गुजरातची बोट घेऊन वेरावळला उतरवते, तो कोणाच्या खात्यात?

दालदीवाला_सातपाटी: भात शिजला की नाही हे शितावरूनच बघतात.

बंदरावरचा: सगळी शितं एकाच कडेची घेतली तर वरचा भात कच्चाच राहतो.

कववाला_वसई: आलं शेवटी आमच्यावर! डोल बोंबील-जवळ्यासाठी असते. आस मोठा केला तर जवळा काय मुठीत धरून आणू? तुम्ही दालदीवाले गाबोळीने भरलेली मादी पकडता ते पुण्य, आमच्या खोल्यात भिल आलं की पाप. वर आमच्या कवी उपटायला निघता. माझ्या चुलत्याची जाळी कापली होती, त्याची भरपाई आजवर नाही.

दालदीवाला_सातपाटी: जाळी कापणाऱ्याची बाजू मी घेत नाही. पण एक भिल दोन वर्षं सोडलं तर...

कववाला_वसई: ...तर गुजरातचा ट्रॉलर नेईल. सोडायचं कोणासाठी?

दालदीवाला_सातपाटी: सरकारने किमान लांबी लावलीय ना, 135 मिलिमीटर! तेवढ्या पापलेटात गाबोळी कधी पाहिलीत? मी नाही. पकडायची परवानगी आधी, अंडी नंतर.

बंदरावरचा: बघा, तुमच्या शास्त्रज्ञांच्या पट्टीचा हा निकाल.

दालदीवाला_सातपाटी: पट्टी बरोबर आहे हो, रेघ कुठे मारायची हे मंत्रालयात ठरतं. बंदीही 1 जून ते 31 जुलै. नारळी पौर्णिमा तोवर येवो न येवो.

दादरची_सून: मध्येच बोलते, माफ करा. मला दर रविवारी तळहाताएवढंच पापलेट लागतं, तव्यावर अख्खं बसतं म्हणून. हॉटेलवालेही तेच मागतात. कोळीणमावशी परवा म्हणाली, "ताई, मोठं घे, बाळं नको खाऊ." मला वाटलं मोठं खपवायला बघतेय.

कववाला_वसई: घ्या! खवय्ये स्वतःच कबूल झाले.

बंदरावरचा: बरं, आज सकाळी पाटी पालथी करून बघितली. वर आठ-दहा एक नंबरचे मोठे, खाली सगळी भिलं. झालं समाधान? पण तुमच्या आकडेवारीवर माझा विश्वास अजून बसलेला नाही.

दालदीवाला_सातपाटी: तुम्ही आत्ता जे केलंत ना, तेच ते करतात.

बंदरावरचा: मी फुकट केलं.

कववाला_वसई: पाटी कोणाच्या बोटीची होती तेवढं सांगा.