सल्ला हवा: जुन्या जीपचे मूळ ब्रेक ड्रम वाचवावेत की बदलावेत?

काळी_कसदार (आर्वी)

आमच्याकडे आजोबांच्या काळातली महिंद्राची सीजे ३बी आहे. इंजिन, गिअर, डिफरन्शियल ठणठणीत. अडचण ब्रेकची आहे. चारही चाकांना मुळातले ९ इंची ड्रम आहेत. ब्रेक दाबला की पेडल पायाखाली थरथरतं आणि जोरात दाबला तर गाडी डावीकडे ओढते. पुढचे दोन ड्रम काढून पाहिले, तर आत चरे पडलेत आणि कडेला नखाला लागेल अशी धार झाली आहे. मागचे तर निघतच नाहीत. गॅरेजवाले म्हणतात भंगारात द्या, नवे बसवा. मला मूळचे ड्रम जपायचे आहेत. पण घरची माणसं याच गाडीतून वर्ध्याला जातात, तेव्हा हट्टापायी धोका नको. ड्रम वाचतील की नाही हे कशावरून ठरवायचं? मागचे कसे काढायचे? नेहमी हँडब्रेक ओढून गाडी उभी केल्यानं ते वाकडे झाले असतील का?

लेथवाला_हिंगणा

हँडब्रेकचा इथे दोष नाही. या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतोच. ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीच्या) मागे, प्रोपेलर शाफ्टवर त्याचा वेगळा छोटा ड्रम असतो. थरथर येते ती ड्रम ओव्हल झाल्यानं, किंवा गाडी बरेच महिने एका जागी उभी राहून शूच्या (ड्रमला आतून दाबून धरणाऱ्या कमानीच्या) कडेला गंजाचा पट्टा धरल्यानं. चाकाचे नट एका बाजूनं आवळत गेलं तरी ड्रमला पीळ बसतो. पाच नट एकाआड एक, चांदणीच्या क्रमानं आवळा.

आता माप घ्या. नुसतं बघून कोणीही निर्णय देत असेल तर ऐकू नका. ९ इंच म्हणजे २२८.६ मिमी. टाकून देण्याची हद्द साधारण ६० थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) जास्त, म्हणजे २३०.१ मिमी धरतात. टर्निंग करताना, म्हणजे लेथवर आतून कापताना, त्या हद्दीपर्यंत जायचं नाही, पुढच्या झिजेला जागा ठेवायची. इनसाइड मायक्रोमीटरनं निदान चार ठिकाणी, आतल्या आणि बाहेरच्या कडेजवळ माप घ्या. ड्रम टांगून हातोडीनं हलकं ठोका. चांगलं बीड (ओतीव लोखंड) घणघणतं, तडा असेल तर आवाज बसका येतो. तडा गेलेल्या ड्रमला वेल्डिंग करून घेऊ नका, कोणी कितीही खात्री दिली तरी.

लेथवर देताना सर्वात महत्त्वाचं सांगतो. या गाडीत ड्रम हबला (चाकाच्या मधल्या तुंब्याला) चाकाच्या स्टडनीच (नट बसतात त्या बोल्टांनी) पक्का केलेला असतो, स्टडचं टोक चेपून. ते उपटू नका. हबसकट ड्रम द्या आणि बेअरिंगच्या जागेवर धरूनच कापायला सांगा. सुटा ड्रम चकात (लेथच्या पकडीत) धरून कापला, तर लेथवर गोल दिसतो आणि गाडीवर डगमगतो. नागपुरात हिंगणा, बुटीबोरीला लेथ भरपूर आहेत. आधी एवढंच विचारा, 'हबसकट धराल का?' नाही म्हणाला तर पुढचं दुकान बघा.

मागच्या चाकांत एक्सल निमुळता असतो आणि हब त्यावर चावीनं (खाचेतल्या लोखंडी तुकड्यानं) बसतो. म्हणून साध्या ओढण्यानं निघत नाही. आधी शू ढिले करा, मग कॉटर पिन काढून मोठा नट दोनचार आट्यांवर ढिला ठेवा, पूर्ण काढू नका, नाहीतर हब सुटताना अंगावर येईल. त्यावर पुलर (हब ओढून काढायचं अवजार) लावा. एक्सलच्या टोकावर घण घालू नका, मार आत डिफरन्शियलपर्यंत पोचतो. बसवताना निमुळता भाग पुसून कोरडा ठेवा, तिथे ग्रीस लावायचं नाही. नट किमान १५० फूट-पाउंड, म्हणजे सुमारे २०० न्यूटन-मीटर आवळा. पिनचं भोक जुळत नसेल तर आणखी आवळा, मागे फिरवू नका.

घाटउतार (परतवाडा)

भाऊ, लेथचं सांगून झालं, मी वापराचं सांगतो. माई जीप चिखलदऱ्याच्या घाटात चालते. घाट उतरतानी ब्रेकवर पाय ठेवून उतरू नका, गिअरात उतरा. ड्रम तापला का फुगते, लायनरपासून (शूवरच्या घासणाऱ्या पट्टीपासून) दूर जाते अन् पेडल खाली जाते. असा तापलेला ड्रम घेऊन नाल्यात घुसू नका, तडा जाऊ शकते. पाण्यातून निंगाल्यावर थोडं दूर पेडल हलकं दाबून चालवा, लायनर वाळते.

काया मातीचा चिखल आत वाळू देऊ नका. त्यातली मुरमाची कच लायनरात रुतून बसते अन् तेच चरे पाडते. पावसाळा सरला का चारही चाकं खोला. धूळ हवेच्या नळीनं उडवू नका बरं, जुन्या लायनरात ॲस्बेस्टॉस रायते. ओल्या फडक्यानं पुसा. अन् ब्रेक ऑइल हवेतलं पाणी वढते, दर दोन सालानं बदला.

चारचाकी_वाडी

मी पुढे डिस्क लावण्याच्या बाजूचा आहे. घाटात भरलेली गाडी रोज उतरवणार असाल तर डिस्कला तोड नाही. पण शेत ते वर्धा एवढंच असेल, तर नीट बसवलेले ड्रम पुरतात. ब्रेकचे सिलेंडर तपासायचे मात्र सोडू नका. या गाडीचा मास्टर सिलेंडर (पेडल दाबलं की ऑइल ढकलणारा) एकेरी आहे. एका चाकात ऑइल गळलं तर चारही चाकांचा ब्रेक जातो. रबर वॉशर रॉकेलनं किंवा पेट्रोलनं धुवू नका, फुगतात. ब्रेक ऑइलनंच धुवा. मागच्या सीलमधून गिअर ऑइल गळून लायनर भिजला असेल तर तो टाकून द्या, धुऊन वापरू नका.

काळी_कसदार (आर्वी)

सगळ्यांचे मनापासून आभार. पुढच्या ड्रमची मापं घेतली. डावा सर्वात जास्त २२९.१ मिमी, उजवा २२९.९ मिमी. आवाज दोन्हींचा चांगला आहे. मागचे पुलर आणल्यावर काढीन.

लेथवाला_हिंगणा

मग ओढण्याचं कारण मापातच आहे. उजवा मोठा झालाय, शूचा गोल त्याला पूर्ण टेकत नाही, म्हणून डावा जास्त धरतो. डावा चरे जाण्यापुरता कापला तर आरामात वाचतो. उजवा कापला की हद्दीला जाईल, त्याचा मोह सोडा. एका एक्सलवरचे दोन्ही ड्रम एका मापाचे हवेत. उजव्यासाठी चांगला दुसरा ड्रम घ्या आणि तो कापून डाव्याच्या अंतिम मापाला आणा. तो हबला बसवताना जुन्या स्टडचं चेपलेलं टोक आधी कापा, मगच दाबून काढा, नाहीतर हबचं भोक मोठं होतं. डाव्या चाकांचे नट उलट्या आट्याचे आहेत का तेही बघा, या जीपमध्ये तसे असतात. पान्याशी झटापट करण्याआधी ते कळलेलं बरं.

लायनर शूवर रिव्हेट करून आणले की ड्रमला आतून खडू घासा, शू हातानं टेकवून फिरवा. खडू लायनरच्या मधेच लागला तर गोल जुळलेला नाही, घासून घ्या. खालच्या अँकर पिना आणि वरचे कॅम दोन्हींचं केंद्र बाजूला असतं, फिरवले की शू सरकतो, त्यानंच शू आणि ड्रममधलं अंतर बसवायचं. खाली ५ थाऊ, वर ८ थाऊ, फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) लावून. ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढा. पहिले काही दिवस ४०-५० च्या वेगावरून हळू हळू थांबवत लायनर बसू द्या, मग अंतर पुन्हा तपासा आणि मागचे एक्सल नट पुन्हा आवळा.

सुटा ठेवणार असाल तो उजवा ड्रम फेकू नका. आतून पातळ तेलाचा हात देऊन, कागदात गुंडाळून आडवा ठेवा. कधी नमुना म्हणून लागलाच तर भोकांची जागा त्यावरूनच घेता येईल.