हॅलोविनची सोंगं : सल्ला कुठे संपतो, दटावणी कुठे सुरू होते?

टोकदार (धागाकर्ता):
ऑक्टोबरअखेर हॅलोविनला अमेरिकेत सोंगं घेतात, आणि तो महिना आला की तिथल्या विद्यापीठांत पोशाखांवरून जुंपते. येलचंच घ्या. २८ ऑक्टोबर २०१५ ला प्रशासनाच्या एका समितीने विद्यार्थ्यांना मेल पाठवला, की दुसऱ्या समाजांना दुखावणारी सोंगं नकोत : पिसांचे मुकुट, पगड्या, तोंडाला काळं फासणं टाळा. दोन दिवसांनी सिलिमन या निवासी कॉलेजच्या सहप्रमुख एरिका क्रिस्टाकिस यांनी विचारलं, की थोडा आगाऊपणा करायला पोरांना जागा उरली आहे का? त्यावर शेकडो सह्यांचं पत्र निघालं, त्यांच्या नवऱ्याला कॉलेजच्या अंगणात घेरलं गेलं आणि डिसेंबरात बाईंनी तिथलं शिकवणं सोडलं. माझ्या मते बाईंचं बरोबर होतं. प्रशासनाने कपड्यांच्या कपाटात डोकावू नये.

मीठमिरची :
पहिला मेल नीट वाचलात का? त्यात ना बंदी, ना शिक्षा. आणि काळं फासणं म्हणजे नुसती रंगरंगोटी नव्हे. एकोणिसाव्या शतकातल्या मिन्स्ट्रेल खेळांत गोरे नट जळक्या बुचाची काजळी फासून काळ्यांची टवाळी करत. रंगाबरोबर तेही चेहऱ्यावर येतं.

टोकदार :
शिक्षा नाही, कबूल. पण सांगणारा कोण? ज्याच्याकडे तक्रार जाते, त्याचा 'सल्ला' कोण हलक्यात घेईल?

कलमबहाद्दर :
दोघंही एक मुद्दा विसरताय. येल खासगी, त्यामुळे अमेरिकी घटनेची पहिली दुरुस्ती (सरकारपासून अभिव्यक्तिस्वातंत्र्य जपणारी) तिथे थेट लागू नाही. विद्यापीठाने स्वतः दिलेलं वचन तेवढं धरता येतं. सरकारी विद्यापीठाचं तसं नाही. जॉर्ज मेसनमध्ये १९९१ साली सिग्मा काय या फ्रॅटर्निटीने (मुलांच्या विद्यार्थी मंडळाने) 'कुरूप बाई' स्पर्धा घेतली. एकजण काळं तोंड, केस कुरळे करायच्या गुंडाळ्या लावलेला काळा टोप आणि कपड्यांत खोचलेल्या उशा अशा अवतारात आला. विद्यापीठाने फ्रॅटर्निटीच्या सामाजिक कार्यक्रमांवर दोन वर्षं बंदी घातली. १९९३ मध्ये फोर्थ सर्किट या संघीय अपील न्यायालयात विद्यापीठ हरलं, कारण शिक्षा वागणुकीवरून नव्हे, सोंगातून मांडलेल्या आशयावरून होती.
म्हणून तक्रार आली की आधी वागणूक नोंदवायची : ठरावीक विद्यार्थ्याला गाठलं का, किती वेळा, धमकी दिली का, साक्षीदार कोण. पोशाखाचा फोटो त्यानंतर. घोटाळा होतो तो इथेच. फोटो पसरतो, त्याच रात्री निलंबनाचं पत्र निघतं आणि त्यात 'आमच्या मूल्यांना धक्का' असं लिहिलेलं असतं. समोरच्या वकिलाला आयता पुरावा!

मीठमिरची :
म्हणजे माझंच म्हणणं झालं की! शिक्षेला कायद्याने हात बांधलेत, म्हणूनच आधी सांगावं लागतं. तेही नको म्हणाल तर विद्यापीठाने करायचं काय?

टोकदार :
विद्यार्थ्यांना करू द्यायचं. 'आमची संस्कृती म्हणजे पोशाख नव्हे' ही २०११ ची पोस्टरं ओहायो विद्यापीठातल्या विद्यार्थी संघटनेची होती. त्याला माझी हरकत नाही.

मीठमिरची :
पोस्टर लावून घरी जाता येतं, वसतिगृहाच्या जिन्यात ते सोंग घेतलेला मुलगा रोज भेटतो. भार कायम दुखावलेल्यानेच का उचलायचा? यादी ढिसाळ होती, एवढं मात्र मान्य. शीख माणूस रोज बांधतो ती पगडी आणि टवाळीसाठी फासलेली काजळी एका ओळीत बसवली, तर वाचणारा दोन्हींकडे काणाडोळा करतो.