मदत हवी आहे: उसाचा हार्वेस्टर चालवतो, स्की रिसॉर्टवरच्या स्नो ग्रूमरवर सुरुवात कशी करू?

नमस्कार मंडळी. मी शिरोळ तालुक्यातला, वय २६, मेकॅनिकल डिप्लोमा झालाय. गळीत हंगामात ऊसतोडणीचा हार्वेस्टर चालवतो, पावसाळ्यात यंत्र शेडमध्ये आणि मी बिनकामाचा.

स्की रिसॉर्टमध्ये लोकांना उतारावर वर नेणारी लिफ्ट बंद झाल्यावर रात्रभर उतार सारखा करणारं यंत्र असतं, स्नो ग्रूमर. गुलमर्ग-औलीकडे त्याला स्नो बीटर म्हणतात. जर्मनीची पिस्टनबुली आणि इटलीची प्रिनोथ ही त्यातली मोठी नावं. पुढच्या ब्लेडनं बर्फाचे ढीग पसरायचे, मागचा टिलर गोठलेला थर बारीक करतो आणि त्यामागची पट्टी रेघा ओढत जाते. हायड्रॉलिक्स, जॉयस्टिक, रात्रपाळी, सगळं ओळखीचं वाटतं. हार्वेस्टरचा बेस कटर (ऊस बुडाशी कापणारी पाती) जमिनीला किती टेकवायचा हे आता हातालाच कळतं, तशी ब्लेडही जमेल असा विश्वास आहे. बर्फ मात्र अजून हातातही धरलेला नाही.

ऑस्ट्रेलियाचा स्की हंगाम जून ते सप्टेंबर, म्हणजे नेमका माझा रिकामा काळ. त्यांचा ४६२ क्रमांकाचा वर्क अँड हॉलिडे व्हिसा २०२४ पासून १८ ते ३० वयाच्या भारतीयांना खुला झालाय. वर्षाला १,००० जागा, त्याही सोडतीनं.

विचारायचं हे की नवख्याला थेट ग्रूमरवर घेतात का? आधी गुलमर्गला जाऊन काही शिकता येईल का? आणि हार्वेस्टरचा मालक खासगी आहे, त्याचं अनुभवपत्र तिकडे चालेल का? घरच्यांचा पाठिंबा आहे, वाट दाखवणारं कोणी नाही.

प्रतिसाद

भावा, ऑस्ट्रेलियात शिकत असताना मी एका रिसॉर्टमध्ये लिफ्टवर काम केलंय, ग्रूमरवाल्यांच्या पाळ्या जवळून बघितल्यात. नवीन माणूस घेतात, पण अवजड यंत्राचे तास असलेल्याला आधी. मालकाचं पत्र चालेल, फक्त त्यात यंत्राचं मॉडेल, चालवलेले तास आणि त्याचा फोन नंबर हवा. ग्रीसिंग, होज बदलणं, शेतातच केलेली दुरुस्ती हे सगळं अर्जात ठळक लिही. ग्रूमरची जागा नसेल तर लिफ्ट किंवा कृत्रिम बर्फाच्या विभागात शिर, तिथून आत सरकता येतं.

सुरुवातीला शिकाऊंच्या सपाट उतारावर अनुभवी ऑपरेटरशेजारी बसवतात. विंचचं, म्हणजे तारेनं वरून ओढून धरलेलं, यंत्र लगेच देत नाहीत, ते बरोबरच आहे. तीव्र उतारावर यंत्र जवळपास किलोमीटरभर लांबीच्या तारेवर ताणलेलं असतं आणि ती तार अचानक बाजूला उसळली तर वाटेतला माणूस वाचत नाही. म्हणून तो उतार आधी पूर्ण बंद करतात.

तुला खरं शिकायचंय ते बर्फाचं. ओला बर्फ टिलरनं जास्त घोटलास तर गोठल्यावर त्याचा कडक बर्फाळ पत्रा होतो. टिलर फिरल्यावर बर्फाचे कण एकमेकांना धरायला थंडीतले काही तास लागतात, त्यामुळे कुठला उतार संध्याकाळी करायचा आणि कुठला पहाटे, हा निर्णय तापमान बघून घेतात. यासाठी गुलमर्गच्या भारतीय स्कीइंग व गिर्यारोहण संस्थेत स्कीइंगचा प्राथमिक कोर्स कर. हंगामातली थोडी मजुरी बुडेल, पण उतार कसा हवा हे पायांना कळेल.

रिसॉर्टची भरती बर्फ पडायच्या कितीतरी आधी सुरू होते. अर्ज त्यांच्याच संकेतस्थळावर कर, सोडतीची नोंदणी ऑस्ट्रेलियन सरकारच्या पोर्टलवर. फी २५ ऑस्ट्रेलियन डॉलर. नोंदणीसाठी एजंटला हजारो रुपये देऊ नकोस.

आणि एक, ऑस्ट्रेलियाच्याच क्वीन्सलंड राज्यात ऊसतोडणी साधारण जून ते डिसेंबर चालते. बर्फ संपला की तिकडे हार्वेस्टर चालवता येईल, दोन्हीकडे आत्ताच अर्ज टाक.

धागाकर्ता

दादा, उसाचं डोक्यातच नव्हतं, मनापासून आभार. पत्रासाठी उद्याच मालकाकडे जातो. व्हिसासाठीची इंग्रजीची परीक्षा कोल्हापुरातून कोणी दिली असेल तर तयारी कशी केली ते सांगा.