संदर्भ ढीगभर, तरी पेपर पटत नाही (विषय: १८७५ चे दंगे)

भीमथडीकर
एम.ए. इतिहास, शेवटचं सत्र. पेपर दख्खनच्या दंग्यांवर आहे. माझं म्हणणं असं, की १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात लोक सावकारांवर तुटून पडले त्यामागे सावकारी जेवढी, तेवढाच सरकारचा वाढीव शेतसारा होता. रेफरन्स भरपूर दिलेत, तरी गाईड म्हणतात, ‘ही उताऱ्यांची गोधडी झाली, यात तुझं काय?’ त्यात दंग्यांच्या चौकशी आयोगाचा अहवाल नेमका माझ्या विरोधात! दोष सावकारांचा, साऱ्याचा नाही, म्हणे. तो गाळला तर चालेल का? आणि नील चार्ल्सवर्थच्या १९७२ च्या लेखात तर या दंग्यांचं महत्त्वच फुगवलेलं आहे असं म्हटलंय. त्याचं काय करू?

खतफाड्या
अहवाल गाळलास तर व्हायवाला पहिला प्रश्न त्याच्यावरच येणार. शुभेच्छा :)

जुना मास्तर
गाळायचं नाव काढू नकोस. तुझं निम्मं भांडवल त्या अहवालातच आहे.

कुठलाही कागद हातात घेतलास की आधी बघ, हे बोलून लिहिणाऱ्याचं काय जातंय? सरकारनेच नेमलेला आयोग ‘सारा निर्दोष’ म्हणतो, त्यात त्याचं काहीच जात नाही. ते मत एका ओळीत सांग आणि पुढे हो. आता १८७४ कडे ये. दंग्यांच्या आदल्या वर्षी मुंबई सरकारने फेरपाहणीतल्या (जमिनी पुन्हा मोजून सारा नव्याने ठरवण्यातल्या) वाढीवर स्वतःच मर्यादा घातली: तालुक्याला ३३ टक्के, एका गावाला ६६, एका खातेदाराच्या जमिनीला १००. वाढ बेताची असती तर हा खटाटोप कशाला केला असता? हे तुझं हुकमाचं पान, आणि (पैजेवर सांगतो) ते तू तळटीपेत ठेवलं असशील. पहिल्या दोन पानांत आण.

दुसरं, आयोगाचेच एक सदस्य ऑकलंड कॉल्विन यांनी वेगळं टिपण लिहून वाढीव आकारणीवर टीका केली होती. म्हणजे आयोगाच्या आतच एकमत नव्हतं.

उतारे मात्र छाट. अर्धं पान इंग्रजी डकवून खाली ‘यावरून स्पष्ट होते की’ लिहिलं म्हणजे काही स्पष्ट होत नाही. तुझं विधान आधी, मग कागदातली एखादीच ओळ, मग त्या ओळीने काय सिद्ध झालं आणि काय नाही. ही शेवटची पायरी पोरं हटकून खातात.

सावकारीबद्दल मात्र आयोगावर बिनधास्त विसंब. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जाचं खत तीन वर्षंच चालायचं, म्हणून सावकार दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात मिळवून नवं खत लिहून घेत. रयतेच्या जबान्या अहवालात आहेत, त्या वाच. दंगेखोर माणसांना सोडून कर्जाच्या कागदांच्या मागे का लागले, ते तिथे कळतं.

इंदापूरची
मास्तर, कॉल्विनबद्दल जरा थांबा. तो वायव्य प्रांतातला अधिकारी. सारा ठरवणाऱ्या मुंबईच्या सर्व्हे खात्याची बाजू सांभाळायची त्याला काय गरज होती? तुमचीच कसोटी लावली तर तो फार वजनदार साक्षीदार ठरत नाही. तेच पुण्याच्या सार्वजनिक सभेच्या १८७३ च्या, शेतकऱ्यांच्या स्थितीवरच्या अहवालाचं. साऱ्याविरुद्ध बोलणं हे तर सभेचं राजकारणच होतं. आणि जोतीराव फुल्यांचं १८८३ चं लेखन (‘शेतकऱ्याचा असूड’) दंग्यांचा पुरावा म्हणून कृपया नको. ते नंतरचं आहे आणि त्याचा रोखही वेगळा आहे.

जुना मास्तर
मान्य. म्हणून तर १८७४ आधी, कॉल्विन नंतर. कॉल्विन घेताना तो बाहेरच्या प्रांतातला होता हे तूच लिही, म्हणजे परीक्षकाला ते काढायची संधी राहत नाही. सभेचा अहवाल ‘तक्रार दंग्यांच्या आधीपासून चालू होती’ एवढ्यापुरताच वापर, तेवढं तो नक्की सिद्ध करतो.

भीमथडीकर
१८७४ चं खरंच तळटीपेत होतं! आणि चार्ल्सवर्थ?

जुना मास्तर
त्याचा मुख्य रोख दंगे केवढे होते, त्यातून निघालं काय, यावर. तुझा मुद्दा कारणांचा. दंगे थोड्याच गावांत झाले, माणसांना मारहाण फारशी झाली नाही, हे मोकळेपणाने कबूल कर, त्याने तुझं काही अडत नाही. तो तळटीपेत नको, मजकुरात घे. फक्त प्रस्तावनेत ‘महाराष्ट्रभर पेटलेला वणवा’ वगैरे लिहिलं असशील तर ते आजच काढ.

भीमथडीकर
‘वणवा’ नाही, ‘आगडोंब’ आहे. काढतो.